गवई आणि गुरू : तालमीच्या इतिहासातून काही बोध

‘मुलीला गाणे शिकवावयाचे आहे, कोणाकडे पाठवावी?’ असा प्रश्न आपल्या समाजातील घरांतून आजही वरचेवर विचारला जातो. उत्तर देणारा बहुधा एखाद्या नामवंत गवयाचे नाव सांगून मोकळा होतो. गवई जितका मोठा तितका तो गुरू म्हणूनही मोठा असणार, असे आपण गृहीत धरून चालतो. परंतु गेल्या दीडशे वर्षांतील आपल्या संगीताचा इतिहास चाळून पाहिल्यास हे गृहीत नेहमीच खरे ठरते असे नाही. मैफिली गाजविणारे कित्येक गवई नाव घेण्याजोगा एकही शिष्य मागे न ठेवता गेले. उलट ज्यांचे स्वतःचे गाणे आज कोणाच्याही कानी उरलेले नाही, अशा काही गुरूंची शिष्यशाखा सर्व हिंदुस्थानभर पसरली. अल्लादियाखाँसाहेबांचे किंवा भास्करबुवा बखल्यांचे गाणे ऐकावे म्हटले तर त्याची ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. आपण त्यांना ओळखतो ते त्यांच्या शिष्यांच्या गळ्यांतून. गुरू म्हणून कोण यशस्वी झाला आणि का झाला, या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर ते अशा शिष्यांच्या वृत्तान्तातच शोधावे लागते.

हा प्रश्न आपल्या समाजास इतरांपेक्षा अधिक जवळचा आहे. गोमंतकातील देवळांच्या परिसरातून आपल्या आज्या-पणज्या कोल्हापूर, सांगली, पुणे, मुंबई अशा दूरच्या गावी गेल्या, त्या पुष्कळ वेळा गुरूच्याच शोधात. त्यांच्या गळ्यास दाद मिळे. नावास मान मिळत नसे. उत्तम तालीम हे त्यांच्यापुढे मानाने उभे राहण्याचे एक मोठे साधन होते, आणि त्यासाठी त्यांनी दागिने मोडले, घरदार सोडले, अटी मान्य केल्या. गुरू योग्य मिळाला की नाही, यावर त्यांचे सारे आयुष्य अवलंबून असे. आज गायनाचे वर्ग गल्लोगल्ली निघाले असता ही गोष्ट विसरली जाऊ नये, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

प्रथम विद्या मिळणे म्हणजे काय होते, ते पाहावे. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचा जन्म १८४९ साली चंदूर या गावी झाला. लहानपणीच घर सोडून त्यांनी गुरू शोधण्यास प्रारंभ केला. धार येथे देवजीबुवांकडे ते राहिले. परंतु गुरुगृहातील कलहामुळे त्यांना तेथून निघावे लागले. पुढे हद्दू-हस्सूखाँच्या परंपरेतील वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी त्यांना विद्या लाभली. गुरूच्या घरचे पाणी भरावे, पडेल ते काम करावे, आणि गुरूच्या मनात येईल तेव्हा शिकावे, असा तो काळ. विद्येच्या या टंचाईस केवळ गुरूंचा कृपणपणा कारण होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुर्मिळ राग आणि अस्सल चीज हीच गवयाची मिळकत होती. ती दुसऱ्यास दिली की दरबारातील आपली जागा दुसऱ्याने घेतली, असे भय त्यास वाटे. पोटाचा धंदा आणि विद्यादान यांचा हा विरोध ज्यांना सोडविता आला नाही, ते मोठे गवई असूनही गुरू होऊ शकले नाहीत.

बाळकृष्णबुवांना तो सोडविता आला. दम्याच्या विकाराने ते पीडित असत. मिरजेची हवा मानवते म्हणून ते तेथे राहिले आणि पुढे इचलकरंजी संस्थानाच्या आश्रयास आले. स्वतः विद्येसाठी जे हाल सोसले त्याचा सूड त्यांनी शिष्यांवर उगविला नाही. विष्णु दिगंबर पलुसकर, अनंत मनोहर जोशी, मिराशीबुवा, वामनबुवा चाफेकर, नीलकंठबुवा जंगम असे शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाले, आणि १९२६ साली बुवा निवर्तले तेव्हा उत्तरेची गायकी महाराष्ट्राची झाली होती. ‘मला कष्टाने मिळाले, म्हणून तुलाही कष्टानेच मिळावे’ असे म्हणणारे शिक्षक आजही थोडे नाहीत. शिष्याने कष्ट करावेत हे खरेच. पण ते रियाजाचे असावेत. गुरूची मनधरणी करण्यात खर्ची पडलेले कष्ट गळ्यास काहीच देत नाहीत.

आता आपल्या समाजास ललामभूत झालेल्या दोन गायिकांकडे वळू. केसरबाई केरकर यांचा जन्म १८९२ साली फोंडा महालातील केरी येथे झाला. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास त्यांना कोल्हापुरास नेण्यात आले आणि तेथे अब्दुल करीमखाँसाहेबांकडे काही महिने शिक्षण झाले. गोव्यास परतल्यावर रामकृष्णबुवा वझे तेथे येत तेव्हा त्यांच्यापाशी त्या शिकल्या. मुंबईस आल्यावर बरकतुल्लाखाँ, भास्करबुवा यांच्याकडेही काही काळ तालीम झाली. यांपैकी एकही नाव सामान्य नाही. तरीही या साऱ्या काळात केसरबाईंचे गाणे पुरतेपणी उभे राहिले नाही. खाँसाहेब अल्लादियाखाँ यांचा गंडा त्यांनी १९२१ च्या सुमारास बांधला, तो खाँसाहेबांच्या कडक अटी मान्य करून. आणि १९४६ साली खाँसाहेब पैगंबरवासी होईपर्यंत ते शिक्षण चालू राहिले. पंचवीस वर्षे एकच कान त्या गळ्यावर लक्ष ठेवून होता.

मोठमोठ्या गुरूंकडे तुटक शिकण्यातून जे साधले नाही, ते एका गुरूच्या अखंड तालमीने साधले. गळा ही बोलून दाखविता येण्याजोगी वस्तू नव्हे. काल कोणता स्वर किंचित उतरला होता, गेल्या पावसाळ्यात कोणती तान श्वासामुळे तुटत होती, हे ज्याच्या ध्यानी आहे तोच आज काय शिकवावे हे ठरवू शकतो. महिन्यातून एकदा येऊन एक अप्रतिम चीज सांगून जाणारा कलावंत आनंद देतो, पण ते शिक्षण नव्हे. केसरबाईंना पुढे ‘सूरश्री’ ही पदवी मिळाली, १९६९ साली पद्मभूषण किताब मिळाला, आणि १९७७ साली अमेरिकेने अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरील तबकडीत त्यांची भैरवी समाविष्ट झाली. त्या यशाचा पाया असा दररोजच्या बैठकीत घातला गेला होता.

मोगूबाई कुर्डीकरांची कथा याहूनही हृदयद्रावक आहे. १९०४ साली कुर्डी गावी जन्मलेल्या या मुलीच्या गळ्यावर तिच्या आईचा फार विश्वास. मुलीला गाणे यावे म्हणून आईने तिला नाटक मंडळीत आणले. पण थोड्याच दिवसांत आईच निवर्तली आणि दहा वर्षांची मोगू पोरकी झाली. पुढे सांगली येथे ती एकटीच मेहनत करीत असता प्रकृतीच्या कारणाने तेथे मुक्कामास असलेल्या अल्लादियाखाँसाहेबांच्या कानी तो आवाज पडला, आणि त्यांनी होऊन तिला शिकविण्यास आरंभ केला. तिच्यापाशी द्रव्य नव्हते, वशिला नव्हता. खाँसाहेबांनी एक गळा ऐकला, इतकेच. स्वतः खाँसाहेबांनी तरुणपणी अतिगायनामुळे आपला आवाज गमाविला होता आणि बदललेल्या आवाजातून नवी गायकी उभी केली होती. गळा म्हणजे काय, तो कसा जातो आणि कसा परत मिळवावा लागतो, हे ज्याने स्वतः भोगले, त्यास दुसऱ्याचा गळा कसा ऐकावा हेही कळत असावे.

परंतु हे भाग्य टिकले नाही. खाँसाहेब मुंबईस गेले. मोगूबाईही त्यांच्यामागे गेल्या. पण धनिक शिष्यवर्गाच्या आग्रहामुळे त्यांना शिकविणे खाँसाहेबांना शक्य होईना. त्यांनी आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे तालीम घेतली. नंतर खाँसाहेबांचे बंधू हैदरखाँ यांनी काही वर्षे शिकविले. पुढे तीही तालीम खंडित झाली. अखेर १९३४ साली अल्लादियाखाँसाहेबांचा गंडा त्यांना विधिपूर्वक मिळाला. तालमीचा दोर असा वारंवार तुटत असता ज्या बाईने तो प्रत्येक वेळी पुन्हा पकडला, तिने पुढे स्वतः गुरू होऊन काय केले, हे पाहण्यासारखे आहे.

मोगूबाईंनी शिष्यांना तुटक ठेवले नाही. किशोरी आमोणकर, कौसल्या मंजेश्वर, कमल तांबे, सुहासिनी मुळगावकर, बबनराव हळदणकर, पद्मा तळवलकर अशी त्यांच्या शिष्यांची नावे संगीतरसिकांस परिचित आहेत. आई एखादी जागा दोन-तीनदाच गाऊन दाखवी, तेवढ्यात ती कानाने टिपावी लागे, असे किशोरीताई सांगत असत. हा कठोरपणा नव्हे. दहा वेळा सांगितले की विद्यार्थी दहाव्या वेळेची वाट पाहतो. दोनदाच सांगणार हे ठाऊक असले की त्याचा कान पहिल्याच वेळी जागा होतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मोगूबाईंनी आपल्या मुलीस अंजनीबाई मालपेकर यांच्यासारख्या अन्य घराण्याच्या गुरूंकडेही शिकू दिले. इतर ठिकाणची विद्या मिळाली तर आपली शिष्या आपल्या हातून जाईल, असे भय त्यांनी बाळगले नाही. किशोरीताईंनी पुढे घराण्याच्या गायकीत जे बदल केले, त्यांवर वाद पुष्कळ झाले. परंतु त्या बदलांखालील पक्का पाया आईचाच, हे टीकाकारांनीही अमान्य केले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. केसरबाईंनी जवळजवळ कोणासच शिकविले नाही. धोंडूताई कुलकर्णी हा त्यास मुख्य अपवाद. यावरून केसरबाईंच्या गायनाची योग्यता रतिमात्र कमी ठरत नाही. गाणे आणि शिकविणे ही दोन निरनिराळी कार्ये आहेत, दोन्हींस निरनिराळी वृत्ती लागते, आणि एकाच गुरूच्या दोन थोर शिष्यांत ती सारख्या प्रमाणात असत नाही, एवढाच त्याचा अर्थ. गवयाने आपल्या सुरात इतके बुडून जावे की समोरचे जग विसरावे. गुरूला मात्र समोरच्याच्या सुरात बुडावे लागते आणि आपले गाणे तेवढा वेळ बाजूस ठेवावे लागते. हा त्याग ज्यास साधतो तो गुरू होतो.

असा त्याग करणाऱ्यांत भास्करबुवा बखले यांचे नाव अग्रभागी आहे. १८६९ साली बडोदे संस्थानातील कठोर येथे जन्मलेला हा मुलगा नाटक मंडळीत गात असे. वय वाढले, कंठ फुटला, गोड आवाज गेला, आणि त्याबरोबर त्याची किंमतही गेली. त्या अपमानाने खचून न जाता त्याने पुन्हा विद्येचा ध्यास धरला. फैज महंमदखाँ, आग्रा घराण्याचे नथ्थनखाँ आणि पुढे अल्लादियाखाँसाहेब अशा तीन निरनिराळ्या परंपरांची विद्या संपादन केली. पुढे बुवा स्वतः गुरू झाले, १९११ साली पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना त्यांनी केली, आणि त्यांच्यापाशी बालगंधर्व, मास्तर कृष्णराव, गोविंदराव टेंबे, आपल्या शिरोड्याच्या ताराबाई शिरोडकर असे शिष्य तयार झाले.

या शिष्यांची नावे एकापुढे एक ठेवून पाहावीत. बालगंधर्वांचे गाणे म्हणजे नाट्यपदातील भावार्थ उलगडणारा मृदू आलाप. मास्तर कृष्णरावांचे गाणे खेळकर, चपळ, क्षणोक्षणी नवी वाट शोधणारे. ताराबाई मैफिलीच्या गायिका. तिघांची तालीम एकाच हाताखाली झाली, आणि तिघांपैकी एकही दुसऱ्यासारखा गात नाही. बुवांपाशी तीन घराण्यांचा संग्रह होता. कोणत्या गळ्यास त्यातील काय शोभेल हे पाहून त्यांनी दिले. ज्या गुरूचे सर्व शिष्य एकसारखे गातात, गुरूच्या खाकरण्यासह आणि हातवाऱ्यांसह गातात, तेथे शिष्यांनी गुरूस ऐकले आहे. परंतु गुरूने शिष्यांस ऐकले आहे की नाही, याची शंका घ्यावी.

याच गोष्टीचा दुसरा दाखला कुंदगोळचा. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व (१८८६–१९५२), यांना निसर्गाने सहज वळणारा आवाज दिला नव्हता. अब्दुल करीमखाँसाहेबांपाशी आठ वर्षे शिकण्याचा करार करून त्यांनी तो आवाज मेहनतीने घडविला. ज्याला आपला आवाज कणाकणाने घडवावा लागला, त्यास दुसऱ्याचा घडविताना उतावीळ होऊन कसे चालेल? गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळास शिकावयास जात. गुरुजी एका वेळी अगदी थोडे देत. तेवढे गळ्यावर पक्के चढेपर्यंत पुढचे नाही. कृपणाने पैसा खर्चावा तसा स्वर खर्चावा, अशी त्यांची शिकवण होती, असे गंगूबाई सांगत असत. भीमसेन जोशी यांनाही आरंभीचा दीर्घ काळ केवळ स्वर लावण्याची मेहनत आणि मोजके राग एवढेच मिळाले. आजच्या पालकांस वर्षाकाठी पंधरा राग झाले नाहीत तर फी वाया गेली असे वाटते. त्यांनी हे आठवावे. गंगूबाईंचा भारदस्त, पुरुषी वाटणारा सूर, भीमसेनांची गर्जना आणि फिरोज दस्तुरांचे हळुवार आर्जव, हे तिन्ही एकाच गुरूच्या थोडे थोडे देण्यातून आले.

भीमसेनांच्या वृत्तान्तात आणखी एक नाव आहे, त्याचा उल्लेख न करणे कृतघ्नपणाचे होईल. गुरूच्या शोधात घर सोडून निघालेला हा मुलगा भटकत भटकत पंजाबात जालंधरला पोहोचला. तेथे विनायकराव पटवर्धन यांनी त्यास सांगितले की, तुझा गुरू तुझ्याच मुलखात, कुंदगोळास आहे. तू परत जा. विनायकराव स्वतः नामांकित गवई होते आणि शिक्षकही होते. असा गळा स्वतःपाशी ठेवून घेण्याचा मोह त्यांना होऊ शकला असता. ‘हे शिक्षण माझ्यापाशी नाही, अमक्यापाशी आहे’ असे सांगण्याचे धैर्य ज्या शिक्षकापाशी आहे, त्याच्या हाती मूल निर्धास्तपणे द्यावे.

हे सर्व झाले गुरुगृहातील तालमीविषयी. परंतु विनायकराव ज्या परंपरेचे, तिने एक निराळाच मार्ग काढला होता. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांची दृष्टी बालपणी फटाक्याच्या अपघातात अधू झाली. मिरजेस बाळकृष्णबुवांपाशी त्यांचे शिक्षण झाले. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि १९०८ मध्ये मुंबईस त्याची शाखा काढली. शाळेसारखे वर्ग, छापील पुस्तके, स्वरलेखन, ठराविक क्रम आणि ठराविक फी हे सारे त्या काळी नवीन होते. गुरूची मर्जी, घराण्याचे कुंपण आणि ऐपतीचा अडसर यांतून विद्या बाहेर आली. ज्या घरांत गाणे शिकणे हलके समजले जाई, त्या घरांतील मुली तंबोरा घेऊन बसू लागल्या.

या पद्धतीवर टीकाही झाली. पंचवीस मुलांना एका सुरात ‘सा’ म्हणावयास लावून त्यांतून गवई कसा निघणार, असे जुने लोक विचारीत. आपण सर्वांनाच तानसेन करू शकणार नाही, पण चांगले ऐकणारे तरी निर्माण करू, अशी पंडितजींची भूमिका सांगितली जाते. परंतु त्यांच्या कार्याचा एक भाग या टीकेत विसरला जातो. वर्गांबरोबरच त्यांनी उपदेशक वर्ग चालविला. निवडक मुलांनी वर्षानुवर्षे त्यांच्यापाशी राहून शिकावे आणि पुढे शिक्षक व्हावे, अशी ती योजना होती. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे या छायेतून आले. शिक्षक तयार करावा लागतो, गाता येणे म्हणजे शिकविता येणे नव्हे, हे ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले त्यांत पंडितजी अग्रगण्य होत. संस्थेच्या कर्जापायी मुंबईची इमारत त्यांच्या हातची गेली. परंतु शिक्षक राहिले, आणि त्यांनी गावोगाव विद्यालये काढली.

त्यांतील देवधर यांनी १९२५ साली मुंबईत आपली संगीतशाळा सुरू केली. १९३६ च्या सुमारास त्यांच्यापाशी बेळगावकडचा एक बारा वर्षांचा मुलगा आला. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका तो हुबेहूब गाऊन दाखवी आणि मैफिली जिंकी. तोच पुढे कुमार गंधर्व म्हणून विख्यात झाला. अशा मुलास गुरूने आणखी दहा नकला शिकविल्या असत्या, तर टाळ्या वाढल्या असत्या आणि मूल वाया गेले असते. देवधरांनी त्यास रागाचे अंतरंग समजून घेण्यास लावले, नानाविध घराण्यांचे गाणे ऐकविले, आणि स्वतःच्या पद्धतीचे ठसे त्याच्यावर उमटविण्याचा आग्रह धरला नाही. देवधर आवाजाच्या शास्त्राचे अभ्यासक होते. आवाज कसा उत्पन्न होतो आणि चुकीच्या मेहनतीने कसा बिघडतो, याचा विचार त्यांनी सतत केला. एकाच शिष्याने केलेल्या कार्यावरून गुरूची परीक्षा करावयाची झाली, तर कुमारांचे पुढील आयुष्य हे देवधरांचे प्रशस्तिपत्रकच होय.

एवढ्या उदाहरणांनंतर निष्फळ शिक्षक कसा ओळखावा, हे सांगण्यास फार शब्द लागू नयेत. तंबोरा किंवा पेटी कोणत्या स्वरात लावली आहे, ते प्रथम पाहावे. पुरुष शिक्षक आपल्या सोयीच्या काळी एकमध्ये गातो आणि काळी चारची मुलगी खर्जात कण्हत त्याच्यामागे जाते, किंवा आवाज न पोचणाऱ्या मुलाकडून तारसप्तकात किंचाळून घेतले जाते, अशी दृश्ये आपण सर्वांनी पाहिली आहेत. शिष्याच्या गळ्यास स्वर लावणे ही तालमीची पहिली पायरी. ती जेथे नाही तेथे पुढचे सर्व व्यर्थ. तासाभराच्या शिकवणीत कोण किती गातो, हेही पाहावे. शिक्षक सतत गात आहे, पेटी मोठ्याने वाजत आहे आणि मूल त्या गलबल्यात आपला आवाज लपवीत आहे, अशा शिकवणीत मुलाची चूक कोणासच ऐकू येत नाही. मग ती सुधारणार कोण? कंठ फुटण्याच्या वयात तेरा-पंधरा वर्षांच्या मुलांना ‘आवाज नाही’ म्हणून घरी पाठविणारे शिक्षकही आहेत, आणि त्याच वयात हट्टाने जुन्या पट्टीत गाऊन घेणारेही आहेत. भास्करबुवांची कथा या दोघांनीही वाचावी.

परीक्षांविषयी एक शब्द. प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षांनी शिक्षणास क्रम दिला, हा त्यांचा उपकार. परंतु परीक्षेपुरते राग घोकून घेणे आणि प्रमाणपत्र चौकटीत लावणे एवढ्यावर संतुष्ट राहणारा शिक्षक मुलास स्वतःच्या पायांवर उभे करीत नाही. तीन-चार वर्षे शिकलेल्या मुलास आपला तंबोरा आपण जुळविता यावा. एखाद्या ओळखीच्या रागात, कोणी न सांगता, दोन-चार आवर्तने भरता यावीत. दुसऱ्याचा सूर उतरला तर आपल्या कानास टोचावे. हे येत नसेल तर दोष बहुधा मुलाचा नसतो.

एक गोष्ट या ज्ञातीच्या वार्षिकात मुद्दाम नमूद करावीशी वाटते. वर आलेल्या नावांत उणियाऱ्याचे मुसलमान खाँसाहेब आहेत, ब्राह्मण बुवा आहेत, कुंदगोळचे कन्नड रामभाऊ आहेत, पारशी दस्तुर आहेत, आणि आपल्या घरांतील बायका आहेत. विद्या ज्ञातीच्या दाराशी थांबली असती, तर आज ज्या गायिकांची नावे आपण अभिमानाने घेतो त्यांतील एकही तयार झाली नसती. खाँसाहेबांनी सांगलीच्या त्या घरी गळा ऐकला, कूळ विचारले नाही. आपल्या मंडळाच्या गायनवर्गास शिक्षक नेमताना आणि आपल्या वर्गात इतरांच्या मुलांस घेताना, आपणही हाच दंडक पाळला पाहिजे.

पालकांस शेवटी एवढीच विनंती. मुलास गायनवर्गात घातल्यावर एखादे दिवशी आपण स्वतः तेथे जाऊन मागे शांत बसावे. शिक्षकाचे नाव किती मोठे, भिंतीवर किती छायाचित्रे, याकडे पाहू नये. आपले मूल गाऊ लागले की शिक्षक काय करतो, तेवढेच पाहावे. तो थांबून, मान किंचित कलती करून, त्या कोवळ्या आवाजाकडे कान देत असेल, तर फी कितीही असो, मूल तेथे ठेवावे. आपल्या आज्यांनी दागिने मोडून जे विकत घेतले, ते हेच होते.